मुंब्र्याच्या डोंगराखालची भिंत

गेल्या वैशाखात मी सोलापूर सोडून चार दिवस कल्याण, डोंबिवली आणि ठाणे या भागात हिंडून आलो. असं सांगितलं की आमच्या गल्लीतले लोक विचारतात, "तिथे पाहायला काय आहे?" पाहायला खाडी आहे, मिठागरं आहेत, भातखाचरं आहेत आणि या सगळ्यांच्या पाठीशी डोंगर आहेत. पण मी पाहायला गेलो नव्हतो. एका घरमालकाला एक गोष्ट सांगायची होती. ती आठ वर्षांपूर्वी सांगायला हवी होती, निदान चार वर्षांपूर्वी तरी.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरची दोन-तीन वर्षं मी कल्याणला एका कंत्राटदाराकडे ओव्हरसियर होतो. त्या वेळी ठाण्यातल्या एका शाळेत शिकवणाऱ्या विनायकरावांचं घर मी बांधून दिलं. जागा मुंब्रा आणि कळवा यांच्या मध्ये, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. सपाट जागा कमी पडली म्हणून डोंगराचा उतार मागे कापून काढला आणि कापलेली माती थोपवायला घरामागे दोन पुरुष उंचीची दगडी भिंत घातली. अशा भिंतीत, डोंगरात मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून ठिकठिकाणी भोकं ठेवतात. तशी मीही ठेवली होती. वास्तुशांतीच्या आठवड्यात विनायकरावांच्या आईंनी त्यातल्या एका भोकात धामण शिरताना पाहिली. म्हातारी जेवेना. विनायकराव मला म्हणाले, "केशवराव, बुजवता येतील का हो ही?"

"बुजवू की," मी म्हणालो, आणि चुना व दगडाच्या कपच्या घेऊन सगळी भोकं स्वतःच्या हाताने बुजवली. भिंत देखणी दिसायला लागली.

मी सोलापूरचा. आमच्याकडे भिंत असो की बांध, तो पाणी अडवण्यासाठी घालतात. पाणी अडलं की माणूस सुखाने झोपतो. कोंडलेलं पाणी शत्रू होतं, हे मला तेव्हा उमगलंच नव्हतं. पुढे चार वर्षांपूर्वी एका घाटरस्त्याच्या कामावर होतो, तेव्हा अशीच बिनभोकांची भिंत पावसाळ्यात कोसळलेली पाहिली. तिच्याखाली धनगराचा मेंढ्यांचा वाडा होता. त्या दिवशी मला सगळं कळलं. घरी येऊन विनायकरावांना पत्र लिहायला बसलो, आणि उठलो. पुढची चार वर्षं मी दर पावसाळ्यात ते पत्र लिहायचं ठरवत होतो. आपली चूक कागदावर उतरवायला हात धजत नव्हता. माझ्याकडे दुसरं कारण नाही.

यंदा संक्रांतीला त्यांचंच पत्र आलं. "तुमच्या भिंतीने आमच्यासारखंच थोडं पोट काढलं आहे. वय झालं तिचं. आमची कुसुम पहिल्या बाळंतपणाला श्रावणात येणार. मागची खोली तिच्यासाठी ठेवली आहे, ऊबदार आहे, वारा लागत नाही." त्या पोटात काय साठलं आहे ते मला ठाऊक होतं, आणि मागच्या खोलीत आणि त्या भिंतीत किती अंतर आहे तेही. ते मीच आखलेलं होतं.

कल्याण

तरीही मी सरळ त्यांच्याकडे गेलो नाही. कल्याणला उतरलो आणि स्वतःला सांगितलं, आलोच आहे तर जुन्या जागा पाहून घेऊ.

पारनाक्याच्या बाजूला आमची खाणावळ होती. आता तिथे शिंप्याचं दुकान आहे. खाणावळीच्या आजींनी मला भात खायला शिकवलं. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला मी, पहिल्या दिवशी भाताचा डोंगर पाहून विचारलं होतं, "आणि जेवण?" त्या पदराने तोंड झाकून हसल्या होत्या. पुढे वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि सोलकढी यांची अशी सवय लागली, की सोलापूरला परतल्यावर वर्षभर मला घरचं जेवण कोरडं लागे. बायको चिडायची. शिंप्याला आजींविषयी विचारलं, तर तो म्हणाला, "मुलगा नाशकाला घेऊन गेला त्यांना." पुढे काही विचारलं नाही. माणूस नाशकात आहे एवढं समाधान पुरे होतं.

संध्याकाळी दुर्गाडीच्या टेकाडावर जाऊन बसलो. खाली खाडीला ओहोटी लागली होती. होड्या चिखलात कलत्या झाल्या होत्या. पंचविशी-तिशीत इथे बसून मी बांधायच्या इमारतींची स्वप्नं पाहायचो. तेव्हा एकही बांधकाम पडेल असं वाटत नसे. त्या वयाचा मला हेवा वाटला, आणि रागही आला.

डोंबिवली

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला सदूकडे. सदाशिव माझ्याबरोबर त्याच कंत्राटदाराकडे हिशेबनीस होता. आता मुंबईला नोकरीला जातो आणि संध्याकाळी सातला परत येतो. अख्खी डोंबिवली तशीच जाते आणि तशीच परत येते. मधल्या वेळात गावात फक्त बायका, मुलं, म्हातारे आणि विहिरी. स्टेशनपासून चार पावलांवर भातखाचरं सुरू होतात. नवी बैठी घरं त्यांच्यात, पाटावर मांडलेल्या वाट्यांसारखी, अंतराअंतराने बसलेली.

आमच्याकडे वैशाखात लोक आभाळाकडे पाहत बसतात. इथे आभाळाकडे कोणी पाहत नाही, सगळे कामात. या दिवसांना ते आगोट म्हणतात. पाऊस लागण्याआधी चार महिन्यांचं सगळं घरात यायला हवं. सदूच्या अंगणात लाकडं फोडून रचली होती, बाजांवर सांडगे, कुरडया, ओट्यावर मिरच्या. एक माणूस छपरावर चढून कौलं परतत होता. बाजूच्या घराच्या ओसरीला नारळीच्या विणलेल्या झापा बांधणं चाललं होतं, पावसाची झड आत येऊ नये म्हणून.

"अरे, तू इतक्या लांबून ताडगोळे खायला आलेलास होय?" जेवताना सदू म्हणाला. "मघापासून विषय काढशील म्हणून वाट बघतोय. नोकरी गेली का?"

"नाही रे."

"मग वहिनींशी भांडलास."

मी त्याला सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. सदू थट्टेखोर माणूस, पण घास हातातच धरून राहिला. मग म्हणाला, "तुला भीती कसली वाटते? भिंत पडण्याची, की मास्तर तुला काय म्हणेल त्याची?"

मी ताटातला भात चिवडत राहिलो.

"दुसरी असेल तर उद्या सकाळच्या गाडीने जा," तो म्हणाला. "पहिली असेल तर आत्ता जायला हवं होतंस."

ठाणे

सकाळी निघालो. संथ गाडी मुंब्र्याला थांबते, डोंगराला वळसा घालून जाते आणि विनायकरावांचं घर तिच्या खिडकीतून दिसतं. जलद गाडी पारसिकच्या बोगद्यातून जाते. दोन्ही गाड्या पाच-सात मिनिटांच्या अंतराने होत्या. मी जलद गाडीत बसलो. त्या डोंगराच्या पोटातून, दिव्याच्या पिवळ्या उजेडात, डोळे मिटून पलीकडे गेलो आणि ठाण्याला उतरलो. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहायचं म्हणून बसलो आहे तर हेच आधी लिहायला हवं.

ठाण्यात मासुंद्याच्या तळ्याकाठी थोडा वेळ बसलो. कौपिनेश्वराच्या घंटा ऐकल्या. मग खाडीकडे गेलो. मिठागरांत मिठाच्या राशी उन्हात अशा चमकत होत्या की पाहवत नव्हतं, आणि माणसं त्या राशींवर गवताची शाकारणी करत होती. पाऊस यायला अजून महिना होता. एका बाईला विचारलं, "एवढी घाई?"

"घाय कसली? पानी काय इचारून येतंय?" ती म्हणाली आणि पेंढी पुढे फेकली.

तिथून पूल ओलांडून कळव्याला गेलो. हिराजी तिथलाच. आगरी माणूस, पाथरवट. विनायकरावांच्या भिंतीचे दगड त्यानेच घडवले आणि बसवले होते. मी भोकं बुजवली त्या दिवशी तो हातातली थापी खाली ठेवून निघून गेला होता. त्याचं घर सापडायला वेळ लागला नाही. तो अंगणात जाळं विणत बसला होता. केस पांढरे झाले होते, मान तशीच ताठ.

त्याने मला ओळखलं. हसला नाही. "आयलाव सायेब? कल्यानवरशी हितं याला आठ वरसां लागली?"

"भोकं बुजवू नका, असं तू तेव्हा म्हणाला होतास," मी म्हणालो.

"मी बोल्लो व्हतो. तुमी बोल्लाव, हिराजी, तू दगड घड, डोक्याचा काम मी करतो." घरात कोणीतरी खुदकन हसलं. "मी दर पावसाला जाऊन बगतो ती भिंत. मास्तर मना चा पाजतो. भोका उगड बोल्लो, तं बोलतो, केशवराव शिकलेला मानूस हाय."

हे ऐकून मी अंगणातच बसलो. माझ्या शब्दावर विनायकराव आठ वर्षं त्या भिंतीखाली राहिले होते. हिराजीच्या सुनेने ताडगोळे सोलून पुढे ठेवले. मी हात लावला नाही. हिराजीने सगळे खाल्ले, हात पुसले, आणि आतून पहार आणि घण घेऊन आला.

"चला," म्हणाला. "मी एकटा गेलो तं तो उगडू देनार नाय. तुमी पायजे."

डोंगराखाली

घर पाहून मला आधी आनंद झाला, हे सांगायला हवं. काव दिलेलं जोतं, नीट परतलेली कौलं, दारात जाई. आगोटीची सगळी तयारी या घरातही होती. लाकडं रचलेली, झापा बांधलेल्या, पापडांचे डबे भरलेले. फक्त मागच्या भिंतीकडे कोणी पाहिलं नव्हतं, कारण ती ओव्हरसियरने बांधलेली होती.

"केशवराव! अहो, कळवायचं तरी!" विनायकरावांनी मला मिठीच मारली आणि आत वळून बायकोला हाक दिली. "अहो, ऐकलं का, आपल्या घराचे जन्मदाते आले. पन्हं आणा." मग हिराजीच्या खांद्यावरची पहार पाहिली आणि थोडे थांबले.

त्यांनी मला मागे नेलं ते आपली केळीची बाग दाखवायला. भिंतीच्या वर, कापलेल्या उतारावर, त्यांनी केळी लावल्या होत्या. डोंगरावरून येणारं पाणी बाजूला वळवायला मी जो चर खणला होता, तो बुजवून त्यावरच वाफे केले होते आणि विहिरीचं पाणी रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना मिळत होतं. घड खरोखर मोठे होते. भिंत मधोमध वीतभर पुढे आली होती. वरची दोन जांभळीची झाडं घराकडे कललेली होती.

मी पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि सांगितलं. भोकं का ठेवली होती, ती बुजवणं का चूक होतं, ते मला कधी कळलं आणि कळल्यावर किती वर्षं मी गप्प बसलो, सगळं. विनायकराव मास्तर होते. मधे बोलले नाहीत. संपल्यावर म्हणाले, "चार वर्षं?"

"हो."

"चार पावसाळे आम्ही इथे झोपलो, आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "आणि आता घाबरवायला आलात. भिंत उभी आहे की! आठ पावसाळे काढले तिने. तुमची ती घाटातली भिंत कच्ची असेल."

तेवढ्यात यमुनावहिनी स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "केशवभाऊजी, जरा आत या," म्हणाल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मागच्या खोलीत, बाळंतिणीसाठी सारवलेल्या खोलीत, जमीन आणि मागची भिंत यांच्या सांध्यात एक चीर होती. त्या चिरेवर आडव्या गेरूच्या रेघा ओढलेल्या होत्या, एकाशेजारी एक, पाच. प्रत्येक रेघ मधोमध तुटून तिची दोन टोकं वेगळी झाली होती. सगळ्यात जुनीच्या दोन टोकांमध्ये माझं बोट मावलं.

"दर दिवाळीला सारवताना एक ओढते," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या दिवाळीपर्यंत तुटते. हे दारही श्रावणात घट्ट बसतं, लाथ मारून उघडावं लागतं. यांना सांगितलं तर म्हणतात, घराला नावं ठेवतेस."

आम्ही शिकलेले लोक कागदावर जे मोजतो, ते त्यांनी गेरूने मोजून ठेवलं होतं.

बाहेर घणाचा आवाज आला. हिराजी कोणाची परवानगी न घेता भिंतीच्या पोटाच्या बाजूला, खालच्या ओळीतलं एक बुजवलेलं भोक फोडत होता. "हिराजी, थांब!" विनायकराव ओरडले. हिराजीने पहार आणखी आत घातली, वळवली आणि ओढून काढली.

वैशाख होता. विहिरी तळाला गेल्या होत्या. त्या भोकातून आधी ओला चिखल बाहेर पडला, मग मनगटाएवढी पाण्याची धार. गढूळ, लाल. ती भिंतीवरून ओघळत जोत्यापाशी आली आणि विनायकरावांच्या पायांखालून अंगणात गेली. धार थांबेना.

"मास्तर," हिराजी म्हणाला, "ही तुमच्या केलींची आनि गेल्या पावसाची. या सालचा पाऊस अजून आयला नाय."

विनायकराव ओट्यावर बसले. मग त्यांनी विचारलं ते मला नाही, हिराजीला. "मग काय करायचं?"

हिराजीने बोटांवर मोजत सांगितलं. सगळी भोकं उघडायची. केळी आजच तोडायच्या, वर पाण्याचा थेंब सोडायचा नाही. चर पुन्हा खणायचा, खोल. पाऊस लागायच्या आत भिंत उतरवून नवी घालणं होणार नाही, ते दिवाळीनंतर. "तवर हितं झोपायचा नाय. दिसा येऊन बगा, पन झोपायचा नाय. आनि भोकातला पानी एकाएकी थांबला, नायतं एकाएकी गढूल होऊन जोरात आयला, का भांडी घेयाला पन आत जायाचा नाय. पलायचा. मागं बगायचा नाय."

"मी माझं घर सोडून कुठे जाणार नाही," विनायकराव म्हणाले. आवाजात जोर नव्हता.

"तुम्ही राहा," वहिनी म्हणाल्या. "चूल माझ्याबरोबर येईल. कुसुमही."

हिराजी हसला. त्या दिवशी पहिल्यांदाच. विनायकरावांनी कोयता मागितला आणि स्वतः वर चढले. पहिली केळ तोडताना घड अंगावर आला, तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी झेलला आणि तसेच उभे राहिले. मग खाली माझ्या हातात दिला. अंधार पडेपर्यंत आमच्यात एवढीच देवाणघेवाण झाली.

आम्ही तिघांनी दिवस मावळेपर्यंत चौदा भोकं उघडली. माझ्या हातांना फोड आले. वहिनींनी रात्री तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी वाढली. सुकट मी पूर्वी वासानेच टाळायचो. त्या रात्री तीन भाकऱ्या खाल्ल्या. विनायकराव माझ्याशी बोलले नाहीत, पण ताटात लिंबाची फोड त्यांनीच टाकली.

चौथ्या दिवशी डोंबिवलीला जाऊन सदूला भेटलो. त्याच्या आळीत दोन खोल्या रिकाम्या होत्या. विनायकरावांच्या कुटुंबासाठी त्या ठरवल्या आणि परतीला निघालो. पण या खेपेला आधी संथ गाडीने ठाण्यापर्यंत उलटा गेलो, खिडकीतून घर पाहिलं आणि तिथून कल्याणकडे फिरलो. भिंतीवर चौदा ओले डाग दिसत होते.

सोलापूर

हा मजकूर दिवाळीनंतर लिहितो आहे, कारण त्याआधी लिहायचा धीर नव्हता. पावसाळाभर मी रोज वर्तमानपत्रात ठाण्याकडच्या पावसाची बातमी आधी पाहायचो. बायको म्हणायची, तिकडे कोणी सोयरीक जमवली आहे काय.

परवा विनायकरावांचं कार्ड आलं. ते तसंच देतो.

"भिंत उभी आहे. तुमच्या भीतीपायी आम्ही चार महिने डोंबिवलीत दोन खोल्यांत काढले. नात झाली ती दुसऱ्याच्या घरात झाली. केळी गेल्या. हिराजी पुढच्या आठवड्यात भिंत उतरवायला येतो आहे, माझा त्यालाही विरोध नाही. आपल्याविषयी माझ्या मनात काय आहे ते अजून नक्की ठरलेलं नाही. मात्र एक विनंती. पुन्हा कधी असं काही आठवलं, तर कृपा करून लवकर आठवावं."

भिंत पडली असती तर मी खरा ठरलो असतो. ती उभी राहिली याचा मला जेवढा आनंद झाला, तेवढा माझ्या कोणत्याही बांधकामाचा झालेला नाही. पण कार्डातली शेवटची ओळ मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे.

कल्याणच्या त्या दोन-तीन वर्षांत मी डोंगरउतारावर आणखी तीन भिंती बांधल्या. देखण्या दिसाव्यात म्हणून त्यांचीही भोकं बुजवली. काल रात्री दोन पत्रं लिहून सकाळी पेटीत टाकली. तिसऱ्या घरमालकाचा पत्ता माझ्यापाशी नाही. घर कुठे आहे ते माहीत आहे, तेव्हा जावंच लागेल. बायकोला सांगून ट्रंक काढायला लावली आहे.